खिशातली पुस्तिका आणि कोकणातला पाऊस : जुन्या जर्मन तिकीट-पुस्तिका जमवणं, जपणं आणि मांडणं



आजचा विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल, की रत्नागिरीत बसून जर्मनीच्या टपाल तिकिटांच्या पुस्तिकांवर काय बोलायचं? उत्तर सोपं आहे. या पुस्तिकांचे तीन शत्रू म्हणजे दमट हवा, गंज आणि घाई. पहिले दोन आपल्याकडे जून ते सप्टेंबर मुक्कामालाच असतात आणि तिसरा आपल्या सगळ्यांच्या स्वभावात असतो. जी वस्तू रत्नागिरीच्या पावसात टिकेल ती कुठेही टिकेल. म्हणून आज संग्रहाबद्दल बोलूच, पण जास्त वेळ जपणुकीला देऊ आणि शेवटी मांडणीकडे येऊ.

पुस्तिका म्हणजे नेमकं काय?

आपल्याला टपाल तिकीट म्हणजे पोस्टाच्या खिडकीवर शंभराच्या ताव्यातून फाडून मिळणारा तुकडा एवढंच माहीत असतं. पण प्रवासी, व्यापारी, फिरते विक्रेते यांना खिशात सुटी तिकिटं ठेवणं कठीण जायचं. घामानं किंवा पावसानं ती एकमेकांना चिकटायची. त्यावर उपाय म्हणून चार-सहा-दहा तिकिटांची छोटी पानं, मधे पातळ कागद, वर जाड कागदाचं आवरण आणि कडेला तारेचा टाका अशी पुस्तिका निघाली. लक्झेंबर्गनं १८९५ साली ती पहिल्यांदा काढली असं मानतात. अमेरिकेत १९०० साली आली, ब्रिटनमध्ये १९०४ साली.

जर्मनीत ती आली १९१० साली. त्या वेळी तिथे 'गेर्मानिया' नावाची तिकिटं चालू होती. डोक्यावर मुकुट, अंगात चिलखत अशी ती जर्मन राष्ट्रदेवता. आपल्या भारतमातेसारखी कल्पना, पण हातात तलवार असलेली. जर्मन भाषेत या पुस्तिकेला 'मार्केनहेफ्टशेन' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'तिकिटांची छोटी वही'. त्याच १९१० साली आपोल्डा गावच्या ह्यूगो मिशेल यांनी तिकिटांची पहिली किंमत-यादी काढली. आज जगभर वापरली जाणारी 'मिशेल' सूची ती हीच. आणि आपल्यासाठी तारखेची एक खूण सांगतो : त्याच १९१० साली ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा इथल्या नव्या राजवाड्यात राहायला आला. म्हणजे थिबा पॅलेस आणि जर्मन तिकीट-पुस्तिका एकाच वयाच्या आहेत. दोघांनी सारखेच पावसाळे पाहिले असते, तर आज कोण जास्त धडधाकट असतं, याचा विचार करत पुढचं ऐका.

जर्मन पुस्तिकाच का?

पुस्तिका भारतातही निघाल्या, सातव्या एडवर्डच्या काळापासून. पण जर्मन पुस्तिकांमध्ये संग्राहकाला गुंतवून ठेवणाऱ्या तीन गोष्टी एकत्र आहेत.

पहिली गोष्ट हिशोबाची. पुस्तिकेची किंमत पूर्णांकात हवी, म्हणजे एक नाणं दिलं की एक पुस्तिका मिळाली पाहिजे. पण पानावरच्या घरांची संख्या ठरलेली. समजा पानावर सहा घरं आहेत आणि पाच तिकिटांतच हवी ती रक्कम भरली, तर सहाव्या घराचं काय करायचं? ते कोरं सोडलं तर कोणी काही छापून गैरवापर करेल. म्हणून त्या घरात मोठी फुली छापायचे. तिला 'आंद्रेआसक्रॉइत्स', म्हणजे संत आंद्रियासचा क्रूस, म्हणतात. कधी फुलीऐवजी चक्क जाहिरात छापायचे. मग तिकिटाला जोडलेली फुली, तिकिटाला जोडलेली जाहिरात, पाच फेनिगला जोडलेलं दहा फेनिगचं तिकीट अशा जोड्या तयार झाल्या. या जोड्यांना 'त्सुझामेनड्रुक' म्हणतात. अख्खी पुस्तिका परवडत नसेल त्यानं या जोड्यांपासून सुरुवात करावी.

दुसरी गोष्ट छपाईची. पुस्तिकेच्या पानाला कडेला टाक्यासाठी कोरी पट्टी लागते. मोठ्या ताव्यावर अशी पानं बसवताना अर्धी सुलटी आणि अर्धी उलटी छापली की कागद कमी वाया जातो. पण कागदातलं जलचिन्ह तर एकाच दिशेचं असतं! त्यामुळे पुस्तिकेतल्या निम्म्या तिकिटांत जलचिन्ह उलटं येतं. आणि तो मोठा ताव न कापता कोणाच्या हाती लागला, तर एक तिकीट सुलटं आणि शेजारचं डोक्यावर उभं अशी जोडी मिळते. तिला 'केअरड्रुक' म्हणतात. म्हणजे जी गोष्ट चुकीची वाटते ती खरं तर काटकसर आहे.

तिसरी गोष्ट इतिहासाची. विसाव्या शतकात जर्मनीनं जे जे भोगलं आणि जे जे केलं ते या खिशातल्या वहीवर उमटलेलं आहे. कैसर गेला, प्रजासत्ताक आलं. १९२३ साली पैशाची किंमत एवढी कोसळली की ५० मिलियार्ड मार्क, म्हणजे पाच हजार कोटी मार्क किमतीचं तिकीट निघालं. मग हिटलर, मग युद्ध, मग देशाची फाळणी. पश्चिम जर्मनी, पूर्व जर्मनी आणि पश्चिम बर्लिन, तिघांचं टपाल वेगळं. जलचिन्हंसुद्धा बदलत गेली : आधी चौकटच्या पानासारखी आकृती, मग वॅफल बिस्किटासारखी जाळी, आणि १९३४ पासून नाझींचं चिन्ह. कागद उजेडात धरला की राजवट कळते.

जमवताना

सुरुवात करणाऱ्याला मिशेल सूचीतल्या तीन खुणा आल्याच पाहिजेत. दोन चांदण्या म्हणजे 'पोस्टफ्रिश' : पोस्टातून घेतलं तसं, डिंक अखंड, हिंज कधीच लावलेलं नाही. एक चांदणी म्हणजे हिंजचा डाग आहे. हिंजला जर्मन शब्द 'फाल्त्स'. शिक्क्याची गोल खूण म्हणजे वापरलेलं. या तिन्हींच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि फसवणूक नेमकी तिथेच होते. हिंजचा डाग पुसून वरून नवा डिंक चढवतात. पश्चिम जर्मनीची १९५१-५२ ची 'पोस्टहॉर्न' मालिका, म्हणजे टपालाच्या शिंगाचं चित्र असलेली तिकिटं, याबाबतीत बदनाम आहे. कोऱ्या अखंड प्रतींना भाव मोठा असल्यानं नकली डिंकाचं प्रमाणही मोठं.

पुस्तिकांमध्ये आणखी एक लबाडी चालते. एका पुस्तिकेचं आवरण, दुसरीची पानं आणि नवी पिन अशी जुळवणी करून ती 'संपूर्ण' म्हणून विकतात. ओळखायचं कसं? पिनेची भोकं बघा. आवरणावर, प्रत्येक पानावर आणि मधल्या पातळ कागदावर भोकं एकाच जागी आणि एकाच आकाराची हवीत. दोन जोड भोकं दिसली की प्रश्न विचारा. गंजाचा डागही बघा. जुन्या पिनेचा डाग थोडा थोडा करत सगळ्या पानांवर उतरलेला असतो. पिन गंजकी आणि पान स्वच्छ, किंवा पिन चकचकीत आणि पान डागाळलेलं, म्हणजे काहीतरी बदललं आहे. महाग वस्तू घेताना जर्मन परीक्षक-संघाच्या परीक्षकाचं प्रमाणपत्र मागा. 'बी-पी-पी' ही ती तीन अक्षरं.

जपताना : पिनेचा प्रश्न

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. पहिल्यांदा आमची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात आम्ही काही पुस्तिका चांगल्या अल्बममध्ये घातल्या, अल्बम लोखंडी कपाटात आडवा ठेवला, वर आणखी चार अल्बम रचले आणि आषाढात कपाट बंद केलं. ते उघडलं गणपती झाल्यावर. दोन पुस्तिकांची पानं मधल्या कागदाला चिकटून एक झाली होती, आणि पिनेभोवती विटकरी रंगाचं कडं उमटलं होतं. सत्तर-ऐंशी वर्षं युरोपात टिकलेली वस्तू आम्ही तीन महिन्यांत घालवली. दोष पावसाला देता येत नाही, पाऊस दर वर्षी येतोच.

घडलं काय ते समजून घेऊ. तिकिटाचा डिंक हवेतली ओल ओढतो, मऊ होतो आणि दाब पडला की चिकटतो. अल्बम आडवे रचल्यामुळे दाब आम्हीच दिला होता. लोखंडी पिन ओलीत गंजते. गंज नुसता डाग पाडून थांबत नाही, कागदातल्या तंतूंचं विघटन वेगानं घडवून आणतो. म्हणून जुन्या पुस्तिकेचं पान नेमकं पिनेपाशी ठिसूळ होऊन तुटतं. आणि बुरशीला ओल, उब आणि खाद्य हवं असतं. डिंक आणि कागद हे खाद्यच.

रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. कागदाला हवी असते साधारण ४५ ते ५५ टक्के. एवढं अंतर कापायचं, पण वातानुकूलित दालन न बांधता. आम्ही जे करतो ते सांगतो.

एक : प्रत्येक पुस्तिका वेगळ्या पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, एक बाजू उघडी ठेवून. पीव्हीसीचं प्लास्टिक नको. ते काळानं चिकट होतं आणि छपाईची शाई ओढून घेतं. हातात घेतल्यावर उग्र वास येणारं प्लास्टिक सरळ परत करा.

दोन : ही पाकिटं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, उभी, सैल. दाबून भरायची नाहीत. डब्यात सिलिका जेलची पुडी आणि छोटा आर्द्रतामापक. मापक महत्त्वाचा, कारण अति कोरडेपणाही वाईट. आर्द्रता फार उतरली की डिंकाला तडे जातात आणि पान वळतं. रंग बदललेलं जेल मंद आचेवर तापवून, पूर्ण थंड करून परत वापरता येतं. ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका.

तीन : डबा बाहेरच्या भिंतीला टेकवायचा नाही. आपला जांभा पाणी पितो आणि आत सोडतो. भिंतीपासून वीतभर अंतर, जमिनीपासून दोन फूट वर.

चार : वर्षाचं वेळापत्रक. वैशाखात एका कोरड्या दुपारी सगळं तपासून डबे बंद करायचे. पावसाळ्यात 'जरा बघू' म्हणून उघडायचे नाहीत, कारण उघडताना आपण ओली हवाच आत भरतो. मापक पारदर्शक झाकणातून वाचायचा. दसरा झाला, हवा कोरडी झाली, की पुन्हा तपासणी.

पाच : डांबराच्या गोळ्या आणि कापूर संग्रहात नको. कसर पळते हे खरं, पण त्यांची वाफ प्लास्टिकवर आणि कागदावर परिणाम करते. स्वच्छता आणि कोरडी हवा हाच कसरीवरचा उपाय.

आता पिन. ती काढायची की ठेवायची? यावर संग्राहकांत दोन पक्ष आहेत आणि दोघांचं म्हणणं खरं आहे. पिन मूळ आहे. ती काढली की पुस्तिका सुट्या कागदांचा गठ्ठा होते आणि तिची किंमत घसरते. पिन ठेवली तर ती पान खाते. आमचं मत असं : गंज नसेल तर हात लावू नका. पिनेच्या पायाखाली आणि डोक्याखाली पॉलिएस्टरची बारीक पट्टी सरकवा, म्हणजे धातू आणि कागद यांचा स्पर्श तुटेल. गंज सुरू झाला असेल पण पान शाबूत असेल, तरी हेच करा आणि डब्यातली आर्द्रता सांभाळा, कारण कोरड्यात गंज पुढे सरकत नाही. पान तुटायला लागलं असेल तरच पिन काढा. आधी सगळ्या बाजूंनी फोटो. मग पिनेचे वळवलेले पाय आतल्या बाजूनं पट्टीच्या आधारानं हळूच सरळ करायचे आणि पिन वर उचलायची, ओढायची नाही. काढलेली पिन तारीख लिहून वेगळ्या पुडीत पुस्तिकेसोबतच ठेवायची. नवी पिन मारायची नाही. आणि पुढे कधी विकलीत तर हे सांगायचं. पिन काढणं हा गुन्हा नाही, ते लपवणं हा आहे.

एक विनंती : कपड्यावरचा गंज आपण लिंबू-मीठ लावून घालवतो, तसा प्रयोग कागदावर करू नका. आम्ल गंजाबरोबर कागदही नेतं. चिकटलेली पानं वाफेवर धरू नका. पानं सुटतील, पण डिंक जाईल. चिकटलेली पुस्तिका चिकटलेली म्हणून सांभाळा.

मांडताना

प्रदर्शनाच्या एका फ्रेममध्ये सोळा पानं बसतात. पुस्तिका मांडण्यातली अडचण अशी की बंद ठेवली तर फक्त आवरण दिसतं आणि उघडी ठेवली तर पिनेवर ताण येतो. उपाय तीन. बंद पुस्तिका ठेवून आतल्या पानांची प्रत शेजारी लावा, मात्र ती मूळ मापापेक्षा स्पष्ट लहान किंवा मोठी हवी, म्हणजे बघणारा फसणार नाही. किंवा आधीच सुटी झालेली पानं वापरा. किंवा एकाच प्रकारच्या दोन पुस्तिका असतील तर एक बंद, एक उघडी. प्रदर्शनासाठी धडधाकट पुस्तिका सोडवू नका, एवढंच आमचं म्हणणं.

सजावटीवर फार जीव काढू नका. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारंपरिक विभागात शंभरातले केवळ ५ गुण मांडणीला असतात. ज्ञान आणि अभ्यासाला ३५. म्हणजे रंगीत किनारींपेक्षा 'ही फुली इथे का आहे' हे दोन ओळींत सांगणारा मजकूर मोलाचा.

मजकुराचा विषय निघाला म्हणून एक नाजूक गोष्ट. नाझी काळातल्या काही तिकिटांवर, आवरणांवर हाकेनक्रॉइत्स आहे. आपल्याकडे उंबरठ्यावर स्वस्तिक काढतात, त्यामुळे शाळकरी मुलगा ते बघून 'आपलंच चिन्ह' म्हणतो. त्या चिन्हाखाली लाखो ज्यूंची आणि इतरांची हत्या झाली हे पाटीवर लिहिणं मांडणाऱ्याचं कर्तव्य आहे. खुद्द जर्मनीत अभ्यास आणि शिक्षणासारखे अपवाद सोडले तर हे चिन्ह जाहीरपणे दाखवायला कायद्यानं मनाई आहे. लपवू नका आणि मिरवूही नका. आझाद हिंदची तिकिटंही इथेच आठवतात. ती १९४३ साली बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापली गेली आणि पोस्टाच्या खिडकीवर कधीच विकली गेली नाहीत. आपल्या स्वातंत्र्याचं स्वप्न आणि त्या राजवटीचं यंत्र एकाच कागदावर. असा कागद मांडताना दोन्ही सांगावं लागतं.

शेवटचं : प्रदर्शन पावसाळ्यात भरवू नका. गणपतीत गर्दी असते हे मान्य, पण मंडपात ओल, फुलं, धूप सगळंच असतं. जानेवारी-फेब्रुवारी चांगला. खिडकीचं थेट ऊन नको, दिवे सौम्य हवेत आणि मूळ वस्तू दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त उजेडात नको.

श्रोत्यांचे प्रश्न

*जर्मन पुस्तिका महाग पडतात. शाळेतल्या मुलांनी काय करावं?*

जवळचं जमवावं. १९५६ चं टिळकांचं तिकीट आहे. १९५८ साली अण्णासाहेब कर्वे शंभर वर्षांचे झाले तेव्हा, ते हयात असतानाच, त्यांचं तिकीट निघालं. दोघेही आपल्या जिल्ह्याचे. जपण्याची रीत तीच. सहावी ते नववीच्या मुलांसाठी टपाल खात्याची 'दीनदयाळ स्पर्श' ही शिष्यवृत्ती २०१७ पासून आहे, तिची चौकशी पोस्टात करावी.

*आमच्या वडिलांचा अल्बम आहे. घरात कोणाला रस नाही. काय करू?*

आज घरी जाऊन तो आडवा असेल तर उभा करा. मग वडील असतील तर त्यांच्याजवळ बसा आणि कोणतं तिकीट कुठून आलं ते त्यांना विचारून साध्या पेन्सिलीनं वेगळ्या वहीत लिहून ठेवा. अल्बमवर लिहू नका. संग्रह रद्दीत जातो तो बहुधा कोणाला किंमत नसते म्हणून नव्हे, माहिती नसते म्हणून. ती वही असेल तर पुढे विकलात, दिलात किंवा ठेवलात, तिन्ही वेळा घेणाऱ्याला कळेल की हातात काय आहे.

आणि ते काम या पावसाच्या आधी करा.